चालेल म्हणायचं नाही

बटाटे सोलून झाले, चिरून झाले, पाण्यात पडले, तरी कोणी मुद्द्यावर येईना.

थोरला मघापासून नळाच्या मागे लागला होता. नळ गळत होता हे खरं. पण तो वर्षानुवर्षं गळत होता, आणि थोरल्याला त्याची दया नेमकी आज आली होती, धाकट्या बहिणीच्या आयुष्याचा निकाल लागायच्या दिवशी. मधली सकाळच्या बसने आली होती आणि खिडकीशी उभी राहून समोरच्या गच्च्यांचं कौतुक करत होती. ती रेडिओवर बातम्या वाचायची. त्यामुळे ती नुसतं 'ऊन छान पडलंय' म्हणाली, तरी पुढचं वाक्य कुठल्यातरी पुराबद्दल असेल असं ऐकणाऱ्याला वाटायचं. थोरल्याची बायको पुसलेल्या बशा पुन्हा पुसत होती. आणि जिच्यापायी ही सगळी जमवाजमव झाली होती ती खारू टेबलाशी बसून कपातल्या गार चहाकडे बघत होती.

आत्या शेगडीपाशी सगळ्यांकडे पाठ करून उभी होती. वळून बघायची तिला गरजच नव्हती. उभा जन्म लोकांची चाल ऐकण्यात गेल्यामुळे पाठीमागे कोण कुठल्या पायावर भार देऊन उभं आहे हे तिला कानांनीच कळायचं. थोरल्याचा भार आज डाव्या पायावर होता. लहानपणी चोरून साखर खाऊन आला की तो असाच उभा राहायचा. आत्याने ते मनात ठेवलं आणि बटाट्यांवर झाकण घातलं.

खारूने बुधवारी जेवता जेवता सांगून टाकलं होतं. तिच्या मित्राची, नकाशे काढणाऱ्या नकाशेवाल्याची, दूर नदीकाठच्या गावी बदली झाली होती आणि ती त्याच्याबरोबर जाणार होती. "लग्न करून ना?" वहिनीने घाईघाईने विचारलं होतं. "तेही करू," खारू म्हणाली, बाजारातून येताना साबण आणायचा असावा तशी. चाळिशी उलटलेल्या पोरीने असं काही सांगितलं तर खरं म्हणजे घराला आनंद व्हायला हवा. झालाही असता. पण ती पुढे म्हणाली, "तिकडे मी कोणासाठी लाकडी पाय करणार नाही. काहीच करणार नाही. मला सुखात राहायचंय." या घरात तिने शिवी हासडली असती तरी एवढी शांतता पसरली नसती.

नकाशेवाला आज संध्याकाळच्या गाडीने निघणार होता. एक तिकीट काढायचं की दोन, एवढंच तो विचारत होता, आणि तेही हळू आवाजात. जेवणं झाली की कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात येऊन बसेन, असं त्याने सांगून ठेवलं होतं.

"मीठ जरा कमीच पडलंय वाटतं," थोरल्याच्या बायकोने चमच्याने रस्सा चाखत म्हटलं. "चालेल ना?"

"चालेल म्हणायचं नाही!" तिघं भावंडं एका सुरात ओरडली, आणि मग स्वतःच दचकली. मधली खुदकन हसली. खारूही हसली. सकाळपासून त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच कोणीतरी हसलं होतं.

हा आजोबांचा नियम. खाणीत मित्राचा पाय गेला तेव्हा सुतारकाम बाजूला ठेवून त्यांनी त्याच्यासाठी लाकडाचा पाय केला, आणि मग दुसऱ्या कोणासाठी, आणि मग त्यांना थांबताच आलं नाही; घराखाली पायांचा कारखानाच झाला. त्या मित्राने पाय घालून बघितला आणि म्हणाला, चालेल. आजोबा खूश झाले. पुढे कधीतरी त्याच्या घरी गेले तर पाय खुंटीला टांगलेला आणि मित्र कुबडीवर. तेव्हापासून कारखान्यात 'चालेल' हा शब्द चालत नसे. समोरच्याने आपल्यासाठी कष्ट घेतले, आता कुठे कुरकुर करायची, म्हणून माणूस जे सभ्य खोटं बोलतो ते म्हणजे चालेल. आणि दुसरं, 'दुखतंय का' असं विचारायचं नाही. त्याला माणूस 'नाही' म्हणून मोकळा होतो. 'कुठे दुखतंय' असं विचारायचं. ज्याला खरंच दुखतं तो एक बोट ठेवतो. ज्याचं दुखणं दुसरीकडेच कुठेतरी असतं तो तळहात फिरवतो. आजोबांमागून मुलांच्या वडिलांनी, नानांनी, तोच नियम चालवला; मुलांना पाढे यायच्या आधी हे यायचं.

हसण्याने कोंडी फुटली आणि मधलीने खिडकी सोडली.

"मी स्पष्टच बोलते," ती म्हणाली. "तुझ्या सुखाच्या आड कोण येतंय? त्याला म्हणावं बदली रद्द करून घे. नाहीतर तिकडे कारखाना काढ. पण काहीच करणार नाही म्हणजे काय? तुझ्या हातात जे आहे ते कोणाच्या हातात नाही, खारू."

"म्हणून ते हात माझे नाहीत?"

"मी रोज बातम्या वाचते. कुठे पूल कोसळला, कुठे आग लागली. वाचून झालं की माइक बंद करते आणि डबा उघडते. तो घास कसा उतरतो माहितेय? आपल्या घरी खाली कारखाना आहे, तिथे कोणीतरी काहीतरी करतंय, एवढ्या एका आधारावर."

"म्हणजे तुझ्या गळ्याखाली घास उतरावा म्हणून मी इथे राहू?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तसंच म्हटलंस, ताई. फक्त आवाज चांगला लावून म्हटलंस."

थोरल्याच्या बायकोला हसू आवरेना, म्हणून ती बशांकडे वळली. मधलीचा चेहरा पडला. खारूला लगेच वाईट वाटलं, हे आत्याला तिच्या खुर्चीच्या आवाजावरून कळलं.

"तू गेलीस तेव्हा मी काही बोलले होते का?" खारूने जरा मऊ होऊन विचारलं.

"तेव्हा तू होतीस ना इथे," मधली म्हणाली. आणि आपण काय बोलून गेलो ते तिचं तिलाच ऐकू आलं. बातमी वाचून झाल्यावर चुकलेला शब्द लक्षात यावा तशी ती थांबली.

थोरल्याने पाना खाली ठेवला. "टपटपचं काय?" त्याने विचारलं.

हा घाव वर्मी होता आणि त्याला ते ठाऊक होतं. टपटप म्हणजे शाळेत जाणारी, भराभर वाढणारी एक मुलगी. ती वाढली की पाय आखूड पडायचा, पायाची खोबण, म्हणजे ज्यात उरलेला पाय बसतो ती पोकळी, आवळू लागायची, आणि जिन्यावर तिची चाल टपटप वाजायची. आत्या वरूनच सांगायची, खोबण बदलायला झाली. तिची मापं खारूशिवाय कोणी घेऊ शकत नसे, कारण ती इतर कोणाला पाय उघडा करून दाखवतच नसे.

खारूने कप बाजूला सारला. "मला ठाऊक आहे टपटपचं काय ते," ती म्हणाली. "मला रात्रंदिवस तेवढंच ठाऊक असतं. दादा, तू तिला खाली आधाराच्या दोन दांड्यांमधून चालताना बघतोस, तेव्हा तुला काय दिसतं?"

"काय दिसणार? चालते ती. हसते."

"आत्याला पण तेच दिसतं. आजोबांना दिसायचं, नानांना दिसायचं. मला नाही दिसत. सगळे टाळ्या वाजवत असतात आणि मी बघत असते की आता वळ कुठे उठणार. आधी मलाही आनंद व्हायचा. कधी बंद झाला कळलंच नाही. आता कोणी रस्त्याने नुसतं लंगडलं तरी माझी मांडी ठणकते. मला एकदा सकाळी उठून कोणाचंही काहीही न दुखता चहा प्यायचाय."

"जगात असं कोणाला मिळतं?" थोरला म्हणाला.

"मिळत असेल नाहीतर नसेल. मला बघायचंय."

आत्याला ते शब्द पोकळ वाटले नाहीत, हीच तिची पंचाईत होती. दुसऱ्याचं दुखणं हाताळून हाताला घट्टे पडतात. आत्याच्या हाताला ते केव्हाच पडले होते आणि त्यांच्याच जोरावर ती टिकली होती. खारूच्या हाताला ते पडलेच नाहीत. म्हणून तिचे पाय सगळ्यांत चांगले बसायचे, आणि म्हणूनच ती आता रिकामी होत चालली होती.

तेवढ्यात खाली घंटा वाजली.

"आज कोण?" वहिनी म्हणाली. "पाटी लावलीय की बंदची."

थोरल्याने पुन्हा पाना उचलला. खारू उठली आणि दोन-दोन पायऱ्या टाकत जिना उतरून गेली. घंटा वाजली की तिचे पाय तिला विचारायला थांबत नसत.

आत्या कठड्याला धरून मागोमाग निघाली. जिन्यावरून असं चढणारं-उतरणारं माणूस तिच्या आयुष्यात आणखी एकच होऊन गेलं होतं. गुरांचा डॉक्टर. एका गाडीवानाला पाय बसवून घ्यायला तो घेऊन आला होता, आणि मग काही ना काही निमित्त काढून येत राहिला. दिवसभर आत्याच्या कानांवर फरफट पडायची, ठेचाळणं पडायचं, कुबडीची ठकठक पडायची. आणि संध्याकाळी हा दोन-दोन पायऱ्या टाकत वर यायचा. दोन धडधाकट पायांचा तो आवाज ऐकला की तिच्या हातातली सुई थांबायची. त्याने विचारलं, येतेस का माझ्याबरोबर. ती म्हणाली, एवढी माणसं खोळंबलीत, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षीही ती तेच म्हणाली. मग एका वर्षी तो विचारायला आलाच नाही.

लोक म्हणत, आत्याने दुसऱ्यांसाठी आयुष्य वेचलं. हे ऐकलं की तिचं डोकं फिरायचं. वेचलं-बिचलं काही नव्हतं. पहिलं पाऊल टाकून माणूस वर बघतो आणि हसतो, तेव्हा तिला इतकं सुख व्हायचं की त्याची लाजच वाटावी. तिने ते भरभरून घेतलं होतं. पण त्याने ती दुसरी जागा भरली नव्हती. ती तशीच राहिली, आणि अजूनही कातरवेळी जिना वाजला की तिचा जीव कानांत यायचा. आता कितीतरी वर्षं जिन्यावर तशी पावलं वाजायची ती एकट्या खारूची.

खाली दांड्यांपाशी मास्तर उभे होते. निवृत्त शिक्षक, काठी, इस्त्रीचा शर्ट, आणि चेहऱ्यावर परीक्षेला उशिरा आलेल्या मुलाचा भाव. त्यांचा पाय खारूनेच केलेला होता.

"बसा, मास्तर. काय झालं?" खारूने स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"जरा त्रास होतोय, पोरी. म्हटलं, तू आहेस तोवर दाखवून घ्यावं."

आत्याने मान वर केली. 'तू आहेस तोवर.' बुधवारची गोष्ट या घराच्या उंबऱ्याबाहेर कोणी नेली?

खारूच्या ते ध्यानात आलं नाही. तिने पट्टे सोडले, पाय उतरवला, मोजा काढला आणि उरलेला पाय दोन्ही हातांत धरला. तिचा चेहरा बदलला. मघाशी वर बसलेली बाई तिच्यात राहिलीच नाही. तिने अंगठ्याने हाडाची कड चाचपली आणि विचारलं, "कुठे दुखतंय?"

मास्तरांनी तळहात ठेवला. आधी बाहेरच्या अंगाला. मग तो खाली सरकला, मग मागे गेला. "असं... या सगळ्या भागात," ते म्हणाले.

फळीवर ओळीने मांडलेले प्लॅस्टरचे साचे तेवढे बघत होते. खारूने त्यांचा हात हळूच उचलून बाजूला ठेवला.

"वळ नाही, लाली नाही," ती म्हणाली. "मास्तर, तुम्हाला दुखत नाहीये."

मास्तरांनी आत्याकडे बघितलं. तिथे काही सुटका नव्हती. ते छताकडे बघू लागले, जिथे वर थोरला होता.

"त्याचं वाईट नव्हतं मनात," ते पुटपुटले. "काल बाजारात भेटला. म्हणाला, दुपारी या. तुम्ही समोर दिसलात तर तिचा पाय निघायचा नाही. मी म्हटलं, पण मला काही होत नाहीये रे. तर म्हणाला, काहीतरी सांगा."

"आणि तुम्ही आलात?" आत्या म्हणाली. "जन्मभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलंत ना?"

"आलो." मास्तरांनी चष्मा काढला. "आत्याबाई, मला म्हणायचं तर होतं की जाऊ नको. माझा हा पाय झिजणार. मग मी कोणाकडे जाऊ? पण हे बोलायची शरम वाटते हो. म्हटलं, दुखण्याचं नाव पुढे केलं की बोलायला नको."

खारूने मोजा चढवला, पाय बसवला, पट्टे आवळले. नेहमीपेक्षा जास्त हळुवारपणे. मग त्यांच्या बुटाची नाडी सुटली होती तीही बांधली. "शरम नका वाटून घेऊ," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं येऊन 'जाऊ नको' म्हटलं असतंत ना, मास्तर, तर मला जास्त जड गेलं असतं."

मास्तर गेले. काठीचा आवाज गल्लीच्या टोकाशी विरेपर्यंत दोघी उभ्या होत्या.

वर येऊन खारू ओरडेल असं आत्याला वाटलं होतं. ती ओरडली नाही. थोरल्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, म्हाताऱ्या माणसाला खोटं दुखणं दाखवायला लावलंस. आपल्या घरात. दांड्यांपाशी."

थोरल्याची बायको मटकन खुर्चीत बसली. "अहो, काय केलंत तुम्ही?"

"काय करणार होतो मग?" थोरल्याचा आवाज चढला आणि तिथल्या तिथे फुटला. "तू जाशील. आत्याचे हात थरथरतात. मग ते सगळे येतील आणि माझ्याकडे बघतील. मी बिजागरी करीन, पाऊल तासून देईन, लाकूड म्हणशील तसं करीन. पण माणसाचा पाय हातात घेतला की मला काही म्हणजे काही कळत नाही, खारू. नानांनी किती शिकवलं. आत्या म्हणायची, याच्या हातांना ऐकू येत नाही. तू लहान होतीस तेव्हा. मी ऐकलं होतं ते."

आत्याला ते वाक्य म्हटल्याचं आठवतही नव्हतं. पण ते तिचंच होतं, यात शंका नव्हती. ती थोरल्याजवळ गेली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो मागे सरला नाही.

"मी शिकेन," थोरल्याची बायको म्हणाली.

सगळे वळले. ती कारखान्यात दाराशी बसायची, लोकांना पाणी द्यायची, कोणाचा नंबर ते सांगायची. तिच्याकडे या दृष्टीने कधी कोणी बघितलं नव्हतं.

"असे डोळे वटारू नका. प्लॅस्टर मला भिजवता येतं. खारूताई माप घेतात तेव्हा मी बघत असते. पण एक आधी बोलून टाकू या. माझे सुरुवातीचे पाय वाईट होतील. लोकांना टोचतील, जखमा होतील. काहीजण येणंच सोडतील. शिकता शिकता मी माणसांना दुखवणार आहे. हे सगळ्यांना पटत असेल तर मी बसते. गोड बोलून कोणी झाकायचं नाही."

"आणि आमच्याकडच्या मोठ्या दवाखान्यात पाठवता येतील की काहीजणांना," मधली म्हणाली. तिचा आवाज आता बातम्यांचा नव्हता, साधा, घरातला, जरा बसका होता. "मी ओळख काढते. सुट्टीच्या दिवशी मी येत जाईन. मला काही येत नाही. पण पाणी तर देता येईल ना, वहिनी दाराशी नसल्या की."

"आणि टपटप?" आता हा प्रश्न खारूनेच विचारला. तिने आत्याकडे बघून विचारला. "आत्या, मी गेले तर तिचं काय होईल?"

सगळं घर आत्याच्या तोंडाकडे बघत राहिलं. काहीतरी धीराचं बोलावं असं तिला फार वाटलं. होईल सगळं नीट. पोर आहे, सवय होईल. तोंडाशी आलेलं तिने गिळलं.

"तिला दुखेल," आत्या म्हणाली. "पाय उघडा करायला ती वहिनीपुढे रडेल. एखादी खोबण बिघडेल. तू असतीस तर हे झालं नसतं. हे असंच आहे, खारू, याला मी साखर लावून देणार नाही."

खारूने मान खाली घातली. थोरला आधी बायकोकडे, मग मधलीकडे बघत राहिला. मग तोच म्हणाला, "चला जरा खाली. प्लॅस्टरचं पोतं उघडून तरी बघू," आणि दोघींना घेऊन निघाला. जाताना पाना तिथेच राहिला. नळ पहिल्यापेक्षा जास्त गळत होता.

स्वयंपाकघरात दोघीच उरल्या. ऊन टेबलावरून सरकून भिंतीवर गेलं होतं. बटाटे गाळ होऊन गेले होते, आणि त्याचं कोणालाच काही नव्हतं.

"तू अजून सांगितलं नाहीस," खारू म्हणाली.

"काय?"

"मी जाऊ की नको."

"माझ्यावर का टाकतेस? मी जा म्हटलं तर तुला वाटेल आत्याने उदारपणे सोडलं. नको म्हटलं तर जन्मभर मला बोल लावायला मोकळी."

"तू गेली नाहीस," खारू म्हणाली. "एवढंच मला ठाऊक आहे. कोणीतरी होतं आणि तू गेली नाहीस. नाना एकदा बोलून गेले होते. तुला कधी विचारायचं धाडस झालं नाही."

आत्याने शेगडी बंद केली. काहीतरी करायला हवं म्हणून ओट्यावरचा चमचा उचलला, पुसला, आणि परत तिथेच ठेवला. बाई, तू रहा, असं तिला म्हणायचं होतं. हे तिला आता लख्ख कळलं. टपटपसाठी नव्हे, मास्तरांसाठी नव्हे, आजोबांच्या कारखान्यासाठी तर नव्हेच. संध्याकाळी जिन्यावर दोन-दोन पायऱ्या वाजाव्यात आणि आपण ऐकाव्यात, एवढ्यासाठी तू रहा. जगाच्या दुखण्याचं नाव पुढे करून हे म्हणता आलं असतं, मास्तरांसारखं. नुसता तळहात फिरवला असता तरी पोर राहिली असती.

खारू खुर्चीवरून उठली. आत्यासमोर आली आणि, कोणास ठाऊक कसं, सवयीनेच, खाली जमिनीवर बसली, जशी ती रोज पाय उतरवलेल्या माणसांसमोर बसायची. तिने वर बघितलं.

"आत्या," तिने विचारलं, "कुठे दुखतंय?"

हा प्रश्न आत्याने आयुष्यात किती माणसांना विचारला त्याला गणती नव्हती. तिला तो कोणी विचारला नव्हता. ती उत्तर द्यायचं नाही असं ठरवत होती, आणि ठरवून व्हायच्या आत तिचा हात वर गेला. एक बोट. ते तिच्या कानावर टेकलं.

"इथे," आत्या म्हणाली.

खारू गोंधळली. "कान दुखतोय?"

"हो."

"कधीपासून?"

"फार जुनं आहे. मध्ये बरीच वर्षं थांबलं होतं. आता पुन्हा सुरू होईल."

खारू तिच्याकडे बघत राहिली. कानाचं तिला कळलं नाही. पण ते एकच बोट होतं, आणि ते जागचं हललं नव्हतं, हे तिला कळलं. तिचे डोळे भरून आले.

"मग मी कशी जाऊ?"

आत्याने बोट खाली घेतलं, खारूच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिचे केस मागे सारले. त्यांत कारखान्यातला लाकडाचा भुसा अडकलेला होता. लहानपणी ही पोर फ्रॉकच्या खिशांत ढलप्या साठवायची, म्हणून तिला खार म्हणायला लागले होते.

"चालेल," आत्या म्हणाली.

"असं म्हणायचं नाही."

"ते खाली. हे स्वयंपाकघर आहे." आत्याने भुशाचा कण बोटाने टिपून काढला. "ऊठ. तो बिचारा चहा पिऊन पिऊन फुगला असेल. आणि जिना नीट उतर, तोंड फोडून घेशील एखाद्या दिवशी."

खारू उठली. तिने आत्याला मिठी मारली, घट्ट आणि ओबडधोबड, आणि चपला न शोधता दाराबाहेर पडली. जिना नीट उतरायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. दोन-दोन पायऱ्या टाकत ती खाली गेली, मधल्या वळणावर नेहमीसारखी भिंतीला हात मारून, आणि शेवटच्या तीन तिने एकदम उडी मारून घेतल्या.

आत्या ओट्याला टेकून उभी होती. तिने मागे वळून नळ घट्ट बंद करून धरला, थेंबही पडू नये म्हणून, आणि शेवटपर्यंत ऐकलं.